शेवटचा वाफा आणि कॉम्प्युटरचं बटण

पडदा काळा होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

"काय दिसतंय, मावशी?" अश्विनीनं विचारलं.

"काय न्हाई."

"अजून बघा."

"काळ्यात काय बघू? बंद हाय ते."

"बंद नाही. चालू होतंय. तुम्ही एकट्या असता तर काय केलं असतं?"

"बटण बंद करून परत दाबलं असतं."

तिनं कपाळाला हात लावला. "हेच! अगदी हेच सगळे करतात."

मी बरोबर उत्तर दिलं असं मला वाटलं होतं.

हे नागापूरच्या एमआयडीसीत घडलं, एका पत्र्याच्या शेडमध्ये. अश्विनी तिथं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून शाळांना देते. पुण्यातली नोकरी सोडून आली. का सोडली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिच्या शेडवरचा बोर्ड मी रंगवला होता, एवढीच आमची ओळख.

मी पेंटर आहे. चित्रकार नव्हे, पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतींवर फळं, पक्षी आणि पाढे. शिक्षण चौथी. नवरा भिंगारमध्ये बोर्ड रंगवायचा. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा ब्रश माझ्या हातात आला. हात का थरथरायला लागले ते भिंगारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पुढे फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मला वाटलं, आता बोर्ड बदलायची कामं निघतील. निघाली. सगळी फ्लेक्सवाल्यानं नेली.

त्यामुळे अश्विनीनं फोन करून "डिझाइनचं काम आहे" म्हटल्यावर मी काम काय ते न विचारताच हो म्हणाले. माझी पहिली चूक ती.

काम काय ते आधी सांगते. मलाही ते कळायला वेळ लागला होता. कॉम्प्युटरमध्ये एक ऑपरेटिंग सिस्टीम असते. ती म्हणजे घरातली कारभारीण. कोणी काय करायचं, कोणती वस्तू कुठं ठेवायची, सगळं तिच्या हुकमानं चालतं. अश्विनीनं फुकट मिळणारी एक सिस्टीम घेतली होती आणि शाळेतल्या मुलांसाठी ती मराठीत केली होती. बटण दाबल्यापासून ही कारभारीण उठून पदर खोचून कामाला लागेपर्यंत जो वेळ जातो, त्याला बूट होणं म्हणतात. नव्या मशीनमध्ये तो पटकन जातो. अश्विनीची मशीन म्हातारी. माझ्यासारखी. उठताना गुडघे धरतात.

त्या वेळात पडदा काळा राहायचा. शाळेतले लोक समजायचे की मशीन अडकलं. मग ते मागचा स्विच बंद करायचे. कारभारीण अर्धवट उठलेली असताना तिच्या पायाखालची सतरंजी ओढावी तसं ते व्हायचं. आतल्या फायली बिघडायच्या आणि मशीन टेम्पोत बसून नागापूरला परत यायचं.

"एका संस्थेनं आपल्या काही शाळांमध्ये ट्रायल दिली आहे," अश्विनी म्हणाली. "मशीन चालली तर सगळ्या शाळांचं काम मिळेल. अशीच परत येत राहिली तर ते सगळं उचलून न्यायला सांगतील. मग मला हे शेड बंद करावं लागेल."

"मग त्यात मी काय करू? मला तर टीव्हीचा रिमोटबी धड येत न्हाई."

"त्या काळ्या पडद्यावर चित्र हवंय. बघितल्यावर माणसाला कळलं पाहिजे की मशीन चालू होतंय, थांबायचं आहे. बस."

"मग मलाच का?"

"शाळांच्या भिंतींवर तुमची चित्रं आहेत. लोकांच्या ओळखीची आहेत." मग जरा थांबून तिनं खरं सांगितलं, "आणि पुण्याचे डिझायनर मला परवडत नाहीत."

मी पिशवीतून टेप काढला. "बोर्ड किती फुटांचा?"

"पडद्यावर फुटांत नाही मोजत मावशी. ठिपक्यांत मोजतात."

"रांगोळीसारखं?"

"हो, पण ठिपके लाखांनी."

टेप मी परत पिशवीत टाकला.

पहिलं चित्र मी घरी पत्र्यावर ऑइल पेंटनं काढलं. मला तेवढंच येतं. वर मधोमध श्री. त्याखाली संस्थेचं नाव कमानीत, लाल अक्षरं, पिवळी आऊटलाईन, निळं शेडिंग. डाव्या बाजूला पाटी-पेन्सिल, उजव्या बाजूला पोपट, मागं डोंगर, डोंगरामागं सूर्य, खाली ऊस, आणि भोवती वेलबुट्टीची किनार. जागा रिकामी राहिली तर गिऱ्हाईक म्हणतं पेंटरनं कामचुकारपणा केला. म्हणून सूर्याच्या बाजूला दोन बगळेही टाकले.

पत्रा रिक्षातून नागापूरला नेला. अश्विनीनं मोबाईलवर फोटो काढला. ऑइल पेंट चमकतो, त्यामुळे फोटोत उसाच्या जागी तिचं डोकं आलं.

"मावशी," ती म्हणाली, "ही लग्नपत्रिका झाली."

"शुभारंभच हाय की मशीनचा."

"अहो, मशीन तेव्हा नुकतं जागं होत असतं. त्यानं तोंडसुद्धा धुतलेलं नसतं. एवढं जड चित्र ते उचलणार कसं? थोडे रंग, थोड्या रेषा. आणि हलणारं पाहिजे. स्थिर चित्र ठेवलं तर लोक म्हणतील चित्रासकट अडकलं."

तिनं ते चित्र तरीही लावून दाखवलं. निम्म्या शाळांत जुने चौकोनी पडदे होते, निम्म्यांत लांबट. लांबट पडद्यावर माझा सूर्य अंड्यासारखा झाला आणि पोपटाचं बदक. मी पत्रा उचलून घरी आणला. आता तो मोरीच्या खिडकीला आडोसा म्हणून लावला आहे. पोपटाची बाजू आत.

मग तिनं मला एक काळी पाटी आणि पेन दिलं. पाटीवर रेघ मारली की ती पडद्यावर उमटते. चांगली वस्तू आहे. मी प्रत्येक रेघेनंतर पेन चिंधीला पुसत होते. अश्विनी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मावशी, त्याला रंग लागत नाही." मी म्हटलं, "माहीत हाय." तरी पुसतच राहिले. हात ऐकत नव्हता. या गोष्टीत पुढंही हातांनीच घोळ घातला आहे.

हलणारं काय काढावं, याचा मी बराच विचार केला. माणसाला न चिडता थांबायची सवय कशात आहे? चहा उकळताना? नाही, तिथं सगळे पातेल्यावर वाकून उभे असतात. एसटीची वाट बघताना? तिथं तर शिव्याच देतात. मग मला पाणी आठवलं.

माझं माहेर नेवाशाकडचं, पाटाखालचं. पाटाला पाणी सुटलं किंवा विहिरीवरची मोटार चालू केली की ते पाणी चारीनं शेतात येतं. शेतात मातीचे बांध घालून चौकोन केलेले असतात, त्यांना वाफे म्हणतात. पाणी पहिल्या वाफ्यात जातं, तो भरला की फावड्यानं त्याचं तोंड बंद करून पुढच्याचं उघडायचं. लहानपणी मी हे काम ढीगभर केलं आहे. पाण्याला घाई करता येत नाही. माणूस फावड्यावर रेलून उभा राहतो आणि वाट बघतो. आमच्या लोकांना यापेक्षा चांगलं थांबणं येत नाही.

मी वरून खाली पाच वाफे काढले. मातीचा एक रंग, पाण्याचा एक रंग, बांधाला रेघ. मशीन जसजसं उठत जाईल तसतसे वाफे भरत जातील. अश्विनी खुर्चीतून उठली.

"मावशी, हे भारी आहे!"

आयुष्यात गिऱ्हाइकानं मला भारी म्हटल्याचं आठवत नाही. 'ठीक आहे, सुकलं की लावा' असं म्हणतात. मी फुगले. एवढी फुगले की पुढचं नीट ऐकलं नाही.

ती सांगत होती, "फक्त एक अडचण आहे. मशीनला स्वतःला किती वेळ लागणार ते आधी कळत नाही. कधी ते आधी आपलं पोट तपासत बसतं. त्यामुळे शेवटचा वाफा भरल्यावरही काही वेळ तसंच थांबावं लागेल. चालेल ना?"

"चालंल की," मी म्हणाले. "भरलेला वाफा दिसायला चांगला दिसतो."

मग मी खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव आणि मोबाईल नंबर घातला.

"हे काय?"

"पेंटरचं नाव. प्रत्येक बोर्डावर असतंच. नाव नसलेला बोर्ड म्हंजे बेवारशी."

"मावशी, ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. किराणा दुकान नाही."

"मग तुझ्या शेडवरच्या बोर्डावर हाय ते काय?"

तिनं हात टेकले. बारीक अक्षर आहे, कोण वाचतंय, असं तिला वाटलं असावं. पण ती मशीन शाळेत चालली होती. मास्तर लोक बारीक अक्षर आधी वाचतात.

मशीन शाळांमध्ये गेली. थोड्याच दिवसांत मला पहिला फोन आला. पाथर्डीकडचे एक गुरुजी.

"पेंटरबाई का?"

"हां. कुठला बोर्ड?"

"बोर्ड न्हाई ओ, कॉम्प्युटर. तुमचा नंबर हाय ह्याच्यावर. हे पाण्याचं चित्र तुमी काढलं का?"

"व्हय."

"लई झाक हाय. पर आमच्याकडं पाट न्हाई, नुसती मोटार हाय. तीबी पाणी असलं तर."

"मग मोटारीचं समजा, गुरुजी."

"समजलो. बरं, आता शेवटचा वाफा भरला. पुढं काय करायचं?"

मी तांदूळ निवडत होते. फोन खांद्यात धरलेला.

"भरला ना? मग बंद करा."

"तेच म्हन्लं. मला वाटलंच. शिपायाला तेच सांगत होतो, तर तो म्हनला इचारून घ्या."

फोन ठेवला आणि मी परत तांदूळ निवडायला लागले. मनात एक शंकासुद्धा आली नाही. ज्या मुलखात शेवटचा वाफा भरल्यावर मोटार चालू ठेवणाऱ्याला सगळं गाव शिव्या घालतं, त्या मुलखात मी वाढले. पाणी वाया जातं, बांध फुटतो, शेजारी भांडायला येतो. वाफा भरला की बंद. हे मला विचार करून सांगावं लागत नाही. माझी जीभच ते सांगते.

मग असे फोन येतच राहिले. कोणी म्हणायचं चित्र छान, कोणी म्हणायचं ऊस का नाही लावला. एका बाईंनी विचारलं, कांद्याचे वाफे आहेत का गव्हाचे. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच. माझं उत्तरही एकच. काहींना तर मी वर जरा ओरडलेसुद्धा, "अहो, भरल्यावर कशाला चालू ठेवता?" मला वाटायचं माझं चित्र लोक मनापासून बघतात. शेजारणीलाही सांगितलं, की आता मला शाळांमधून सल्ला विचारायला फोन येतात.

एक दिवस अश्विनीचा फोन आला. आवाज बसलेला.

"मावशी, मशीन परत येताहेत. आधीपेक्षा जास्त."

"आं? चित्र तर आवडलंय लोकांना."

"आवडलं असेल. पण आधी निम्मे लोक स्विच बंद करायचे आणि निम्मे थांबायचे. आता सगळेच बंद करताहेत. आणि सगळी मशीन चालू होताना बरोबर एकाच टप्प्यावर तुटलेली आहेत. मला काही कळत नाहीये. उद्या संस्थेच्या सेक्रेटरींनी बोलावलंय. तुम्हीही चला. चित्राबद्दल काही विचारलं तर तुम्ही सांगा."

मी चांगलं लुगडं नेसून गेले. शाबासकीचा थोडा भाग माझ्या वाट्याला येईल असं अजूनही वाटत होतं.

संस्थेचे सेक्रेटरी वाबळे सर. वय माझ्याएवढंच, गावाकडं बागायत, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. टेबलाच्या पलीकडं अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका हांडे बाई बसल्या होत्या. त्यांच्या शाळेतली मशीन परत आली होती म्हणून त्यांना बोलावलं होतं. अश्विनीनं दोन मशीन सोबत आणली होती. एक टेबलावर मांडलं.

"हे बघा मॅडम," वाबळे सर अश्विनीला म्हणाले, "मी स्पष्ट बोलतो. मशीन टिकत नसतील तर उचलून न्या. आमच्या शाळा म्हणजे काय तुमची प्रयोगशाळा नाही."

"सर, मशीन चांगली आहेत. चालू होताना मधेच कोणीतरी स्विच बंद करतंय."

"मग ते आमचे शिपाई. त्यांना अक्कल नाही. कितीदा सांगितलं, हात लावू नका."

"शिपायांचं नाव घेऊ नका सर," हांडे बाई म्हणाल्या. "आमच्याकडं मीच बंद केलं."

"तुम्ही? शिकलेल्या माणसानं असं करावं?"

"तुमच्यासमोर एकदा चालू करून दाखवते," अश्विनी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पहिला वाफा भरायला लागला. वाबळे सर पुढं सरकले. "अरे वा. हे कोणी काढलं?"

"मी," मी म्हणाले.

"बांध बरोबर घेतलेत तुम्ही. कुठं फुगून पोट आलेलं नाही." बागायतदार माणूस, त्याला कळणारच. दुसरा भरला, तिसरा भरला. सर टेबलावर कोपर टेकून बघत होते. चौथा. त्यांच्या तोंडावर समाधान दिसायला लागलं, पिकाला पाणी देत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर दिसतं तसं. पाचवा भरला. काठोकाठ.

वाबळे सरांनी हात लांब करून भिंतीवरचा स्विच बंद केला.

आणि मी म्हणाले, "बरोबर."

पडदा काळा झाला. सर आपल्या हाताकडं बघत होते, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसं. अश्विनी मात्र त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"मावशी, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"बरोबर."

"काय बरोबर?"

"वाफा भरल्यावर बंद..." वाक्य अर्ध्यात आल्यावर मला कळलं. एवढ्या दिवसांत कळलं नाही ते अर्ध्या वाक्यात कळलं.

"तुम्हाला कोणाचे फोन आले होते का? त्या नंबरवर?"

"आले हुते."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"हेच."

"किती जणांना?"

"ज्यांचे आले त्या सगळ्यांना."

अश्विनीनं डोळे मिटून घेतले. हांडे बाई हळूच म्हणाल्या, "मलाही यांनीच सांगितलं होतं. वर ओरडल्यासुद्धा."

लोकांनी स्विच बंद करू नये म्हणून चित्र काढायला मला बोलावलं होतं. मी असं चित्र काढलं की आख्ख्या जिल्ह्यात ते बघून प्रत्येकाचा हात स्विचकडं जावा. आणि कोणाचा हात अडखळलाच, तर त्याला धीर द्यायला खाली माझा फोन नंबर. फ्लेक्सवाल्यानं चित्र केलं असतं तर निम्मी मशीन वाचली असती.

मला वाटलं आता वाबळे सर आम्हाला बाहेर काढतील. पण ते अडचणीत होते. शिपायांना अक्कल नाही असं म्हणाले त्याला चहा येण्याएवढाही वेळ झाला नव्हता, आणि स्विच त्यांनी स्वतःच बंद केला होता.

"दुसरं मशीन लावा," ते घसा खाकरून म्हणाले. "यावेळी मी हात लावत नाही."

अश्विनीनं दुसरं लावलं. परत वाफे. आता कोणी चित्राचं कौतुक केलं नाही. पाचवा वाफा भरला आणि पाणी तसंच थांबलं. मशीन पोट तपासत होतं. वाबळे सर खुर्चीत चुळबुळ करायला लागले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, परत बसला, परत उठला. खरं सांगायचं तर माझाही उठला होता, पण मी लांब होते. सरांचा हात स्विचच्या दिशेनं निघालाच.

"हाताची घडी!" हांडे बाई कडाडल्या. "तोंडावर बोट!"

आणि वाबळे सरांनी घातली. बोटही ठेवलं. त्यांच्यामागं दारात चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई होता, तो तसाच ताठ उभा राहिला, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. हांडे बाईंनी स्वतःचं तोंड पदरानं झाकलं. "सॉरी सर. सवयीनं आलं."

तोवर मशीन चालू झालं होतं. पडद्यावर मराठीत बाराखडी उघडली.

अश्विनी माझ्या कानाशी आली. "मावशी, बघितलंत?"

"बघितलं. चालू झालं."

"अहो मशीन नाही! सर!"

मी सरांकडं बघितलं. ते बोट काढत होते. मला काही उमगलं नाही. मला त्या वेळी फक्त चहा हवा होता. ते अश्विनीला उमगलं, आणि ते तिचंच, मी माझ्या नावावर लावून घेणार नाही.

आम्ही निघताना वाबळे सर म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत बघतो. तोपर्यंत मशीन अशीच परत आली तर सगळी घेऊन जा. आणि बाई, तुमचा तो नंबर आधी काढा."

नंबरावरून मी वाद घातला नाही. नावसुद्धा मीच पुसलं. पुसल्यावर पेन चिंधीला पुसलं.

अश्विनीचं म्हणणं, सरांचा हात जसा शाळेतल्या हुकमानं थांबला तसा सगळ्यांचा थांबेल, म्हणून वाफ्यांच्या जागी मी शाळेतली एक मुलगी काढायला बसले. दोन वेण्या, गणवेश, हाताची घडी, तोंडावर बोट. सोपं वाटलं. काढून झालं आणि अश्विनी हसायलाच लागली. मुलीला तीन हात होते. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर बोट ठेवायला तिसरा हात लागतोच. आयुष्यभर शाळांच्या भिंती रंगवल्या, चार वर्षं स्वतः घडी घालून बसले, आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. शेवटी मी अश्विनीला समोर बसवलं आणि म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." तिनं केलं, आणि मी बघितलं. एक हात छातीशी आडवा, दुसऱ्याचं कोपर त्याच्यावर टेकलेलं, त्याचं बोट ओठांवर. मुलं ते कोणी न शिकवता करतात.

हलायला म्हणून मुलगी फक्त डोळे मिचकावते आणि मधेच एकदा इकडं, एकदा तिकडं बघते. काही भरत नाही, काही संपत नाही. खाली माझ्या हातचं लेटरिंग, 'थांबा. मशीन उठत आहे.' श्री नाही, पोपट नाही, पाणी नाही. बाजूला भरपूर जागा रिकामी. पेंटरच्या नजरेनं ते कामचुकारपणाचं चित्र आहे.

ते चाललं. चित्र दिसलं की लोक नुसते थांबत नव्हते, घडी घालून थांबत होते. मुलं घालायची, मग मास्तरही घालायचे. हांडे बाईंनी फोनवर सांगितलं की ग्रामपंचायतीचे एक सदस्य शाळा बघायला आले, तेही घालून बसले. परीक्षा झाली. वाबळे सरांनी सगळ्या नाही, पण बऱ्याच शाळांचं काम अश्विनीला दिलं. उरलेलं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. शेड चालू आहे.

पण नंतर एक नवी तक्रार आली. पाथर्डीकडच्या त्याच गुरुजींच्या शाळेत एक मशीन खरंच बिघडलं. चालूच होईना. मुलगी डोळे मिचकावतेय, आणि आख्खा वर्ग गुरुजींसकट हाताची घडी घालून बसलेला. एक तास गेला, दुसरा गेला. मधली सुट्टी झाली. शिपाई खिचडी घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "गुरुजी, बंद करू का?" तर गुरुजींनी बोट न काढताच मानेनं नाही म्हटलं.

अश्विनी डोकं धरून बसली. मग आम्ही चित्रात आणखी एक गोष्ट घातली. ठरावीक वेळेनंतरही मशीन उठलं नाही, तर ती मुलगी बोट काढून करंगळी वर करते. शाळेत करंगळी वर केली की बाहेर जायची परवानगी. कोणाला समजवावं लागलं नाही. करंगळी दिसली की लोक उठतात, स्विच बंद करतात आणि अश्विनीला फोन करतात.

माणसाला थांब म्हणून सांगणं सोपं आहे. कधीपर्यंत, तेही सांगावं लागतं. नाहीतर तो एकतर लगेच उठतो, नाहीतर उठतच नाही.